अंगणातला मोठा ओंडका

४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही घेऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायचं ठरलं होतं. पहिल्या पानावर फक्त पेन चालतं का ते बघायला मारलेल्या रेघोट्या आहेत आणि एका बसची वेळ. ती बसही चुकली होती. उशीर झाला हे कबूल. पण लिहिण्यासारखं काही घडायला नको का? आता घडलंय. मी कुऱ्हाड शिकतोय.

म्हणजे शिकणार आहे.

परिस्थिती थोडक्यात. आत्याकडे चार दिवसांसाठी आलो तो राहिलोच. आत्या एकटी असते, चढावरचा रस्ता जिथे संपतो तिथे. थंडीत घर गरम ठेवायला एकच लोखंडी शेगडी, आणि तिची भूक माझ्यासारखी. मागचं जुनं झाड वादळात पडलं. मशीनवाला आला, त्याचे ओंडके कापून अंगणात टाकून गेला. आता ते फोडायचे कुणी? आत्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, या थंडीत कुऱ्हाडीला हात लावायचा नाही.

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, शहरात सातव्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. १ डिसेंबरला तो येणार. शेडमध्ये फोडलेल्या लाकडांची रास खिडकीपर्यंत पोचलेली दिसली तर आत्या इथेच राहील. नाही पोचली तर घराला कुलूप आणि आत्या सातव्या मजल्यावर. आत्याला तो मजला नको. ती म्हणते, तिथे खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते, आणि ते लोक ती लावून घेतात.

मी फोनवर दादाला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. दादा बराच वेळ काही बोलला नाही. लाईन खराब असावी.

बाबांनाही कळवलं. बाबा म्हणाले, तू एक काम पुरं करून दाखव, मी स्वतः येऊन बघतो. बाबांनी आपली लॉन्ड्री आजवर एक दिवस बंद ठेवलेली नाही. स्वतःच्या लग्नालाही ते सकाळच्या इस्त्र्या उरकून गेले होते म्हणे. म्हणजे ते येत नाहीत. तेवढंच टेन्शन कमी.

५ नोव्हेंबर

कुऱ्हाड घेतली!

हार्डवेअरवाल्याने विचारलं, झाड पाडायचंय का लाकूड फोडायचंय? म्हटलं दोन्ही. (झाड आधीच पडलंय, पण माणसाने पुढचा विचार करावा.) त्याने एक बुटकी, जाड, गाल फुगलेली वस्तू पुढे सरकवली. तिच्याकडे बघून झोप आली. तेवढ्यात वर टांगलेली दिसली. लांब लाल दांडा, पातळ पातं, आरशासारखी चमक. हातात घेतली आणि विषय संपला. दुकानदार म्हणाला, अरे ही झाड पाडायची, हिने फोडायला गेलास तर रुतून बसेल. मी म्हटलं, ते चालवणाऱ्यावर असतं. तो माझ्या चपलांकडे बघत होता. गिऱ्हाईकाशी बोलताना डोळ्यात बघावं, एवढं साधं ट्रेनिंग नाही लोकांना.

आत्याने कुऱ्हाड हातात घेतली, डाव्या. उलटसुलट केली. म्हणाली, देखणी आहे.

एवढंच म्हणाली. पण आत्या कमीच बोलते.

तिच्याकडे काकांच्या वेळची जुनी कुऱ्हाड आहे. (काका म्हणजे तिचे यजमान. ते जाऊन खूप वर्षं झाली.) तीही तसलीच, गाल फुगलेली, शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. पातं इतकं जाड की त्यावर चहाचा कप राहील. म्हटलं, असू दे, शोभेला बरी.

उद्या सकाळी सहाला सुरुवात.

६ नोव्हेंबर, सकाळचे साडेदहा

आताच उठलो. चुकून नाही. काल झोपण्याआधी विचार केला की कुठल्याही कामात आधी थिअरी हवी. आज दिवसभर व्हिडिओ.

संध्याकाळ. भरपूर शिकलो. पाय खांद्याइतके फाकवायचे. गुडघे सैल. नजर एका जागी. व्हिडिओतल्या माणसाला छातीपर्यंत दाढी आहे. दाढीचा बॅलन्सशी संबंध असावा. आजपासून दाढी बंद, म्हणजे करणं बंद. त्याच व्हिडिओखाली होडी बांधण्याचे व्हिडिओ निघाले. होडी बांधणं वाटतं तितकं अवघड नाही.

७ नोव्हेंबर

श्रीगणेशा झाला. चपला बघून आत्याने काकांचे बूट काढून दिले. एका बुटात माझे दोन पाय मावतील. आत वर्तमानपत्र कोंबलं. चाललो की बातम्या कुरकुरतात.

आता स्ट्रॅटेजी. अंगणात ओंडके पुष्कळ, पण सगळ्यांच्या मधोमध एक उभा आहे, कमरेच्या खालपर्यंत, जाडजूड, गाठींनी भरलेला. वरच्या बाजूला जुन्या घावांच्या खुणाच खुणा. म्हणजे आधी कुणीतरी, बहुतेक काकांनीच, प्रयत्न केला होता आणि हात टेकले होते. मी ठरवलं, सुरुवात याच्यापासूनच. सगळ्यात मोठा फुटला की बाकीचे मुकाट्याने फुटतील. लहान लहान कामं करत बसल्यामुळेच माणसं लहान राहतात.

आत्या म्हणाली, अरे तो नको, तो राहू दे, बाजूची फोड.

तिचा माझ्यावर विश्वास बसायला वेळ लागेल.

पहिला घाव: हुकला. दुसरा: लागला. कुऱ्हाड आत रुतली. ती काढायला अर्धी सकाळ. आत्या दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. थंडी आहेच.

शेवटी आत्याच्या समाधानासाठी दोन-तीन बारीक ओंडके फोडले. फोडले म्हणजे त्यांच्या कडांचे तुकडे उडाले. शेगडी पेटवायला छान होतील.

९ नोव्हेंबर

काल रेस्ट डे. शरीर ऐकत नव्हतं. मान वळत नव्हती, म्हणून बेकरीवालीशी बोलताना मला संपूर्ण वळावं लागलं. ती म्हणाली, एवढा ताठ का चालतोस? सांगितलं, लाकूडकाम. तिने दोन पाव जास्त घातले.

बेकरी उताराच्या खाली आहे. दुपारचा ब्रेक तिथेच घ्यायचं ठरवलंय. कष्टकरी माणसाला ब्रेक हवा. जेवण झालं की उतरायचं, ऊन कललं की चढायचं.

बेकरीवाली म्हणाली, तुझी आत्या पूर्वी आमच्या भट्टीचं लाकूड फोडून द्यायची, एकटी. मी मान हलवली. (हलली नाही.) जुन्या लोकांच्या आठवणींत सगळंच मोठं होऊन जातं.

१२ नोव्हेंबर

काय प्रगती! मोठ्या ओंडक्याला आता नाव दिलंय: म्हातारा. आज सकाळी म्हाताऱ्यावर मनसोक्त घाव घातले. शेवटच्या घावाला कुऱ्हाड अशी रुतली की निघेचना. तशीच ठेवून बेकरीत गेलो.

परत आलो तर कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली. आपोआप सुटली! लाकूड वाळतं तसं आकसतं आणि पकड सैल होते, हे मला ठाऊक होतंच. आणि शेडमध्ये रास केवढी! सकाळी इतकी होती असं वाटत नव्हतं. आत्याला विचारलं. ती म्हणाली, तू काम करतोस ना, मग वाढणारच.

बरोबर. माणूस स्वतःच्या कामाला नेहमी कमी लेखतो.

१३ नोव्हेंबर

राशीवर विचार केला. व्हिडिओत फ्लो म्हणून एक सांगितलंय. माणूस कामात इतका बुडतो की त्याला वेळेचं, हातांचं, कशाचंच भान राहत नाही. मग नंतर बघतो तर काम झालेलं. मला ते झालंय. नवशिक्याला सहसा होत नाही म्हणतात.

राशीशेजारी उभं राहून फोटो काढला. कुऱ्हाड खांद्यावर. फॅमिली ग्रुपवर टाकला. दादाचा अंगठा आला. बाबांनी बघितला, काही लिहिलं नाही. मग थोड्या वेळाने लिहिलं, बूट कुणाचे?

१६ नोव्हेंबर

शेजारचे ड्रायव्हरकाका. निवृत्त. ट्रक चालवून चालवून आता कुंपणापाशी पार्क झालेत. रोज सकाळी माझं काम बघतात. आधी नुसतं बघायचे, आता खुर्ची आणतात. आज म्हणाले, चालू द्या, पण एक विचारू का, त्या ओंडक्याने तुमचं काय बिघडवलंय?

मी म्हटलं, वैयक्तिक काही नाही.

मग म्हणाले, दुपारी मात्र तुमच्या अंगणातून आवाज कसा अगदी तालात येतो. ऐकत झोपलं की छान झोप लागते.

दुपारी मी बेकरीत असतो. इतकी वर्षं ट्रकच्या इंजिनाजवळ काढली की कानात आवाज राहतात, मी वाचलंय. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, हो, दुपारी जरा लय सापडते.

त्यांना खोकला आला. उठून घरात गेले.

१९ नोव्हेंबर

अपघात, किरकोळ. मी नेम धरला तिथे कुऱ्हाड गेली नाही, थोडी पुढे गेली. त्यामुळे पात्याऐवजी दांडा म्हाताऱ्याच्या कडेवर आपटला. दांड्याला पात्याखाली चीर. टेपने गुंडाळला. आता तिथे काळा पट्टा आहे, पकड सुधारली असं म्हणता येईल.

दांडे बनवणं हाही चांगला धंदा होऊ शकतो. नीट दांडा कुणी देतच नाही. नाव, लोगो सगळं सुचलं. लोगो काढत बसल्यामुळे सकाळ गेली. दुपारी बेकरी. रास: वाढली आहे. खिडकीच्या खाली हातभर.

यावर माझी एक नवीन थिअरी आहे. घाव एका लाकडावर पडतो, धसका बाकीच्यांना बसतो. म्हाताऱ्याला इतके हादरे बसतायत की आजूबाजूच्या ओंडक्यांना आतून तडे जात असणार. मग जरा हात लागला की ते उकलतात. आत्या फक्त उचलून रचते. त्याने खांद्याला व्यायाम होत असेल, बरंच आहे.

२१ नोव्हेंबर

आत्या हल्ली लवकर झोपते. बामचा वास घरभर. डाव्या हाताला चोळत होती. मी म्हटलं, ऑपरेशन तर उजव्या खांद्याचं झालंय. ती म्हणाली, डाव्याला एकट्यालाच सगळं करावं लागतं ना, म्हणून.

खरंच. भांडी, झाडू, दार. मी ठरवलं की उद्यापासून भांडी मी घासणार.

२२ नोव्हेंबर

भांडी राहिली. फोन आला होता मित्राचा, तो बोटीवर कामाला लागलाय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पाऊस, म्हणून दोघं शेडमध्ये बसून राहिलो, आत्या राशीला टेकून. मी एक लाकूड उचलून बघितलं. तिकोनी, एका बाजूला साल, दोन बाजू गुळगुळीत. दुसरं उचललं, तेही तसंच. सगळी तशीच, जुळ्या भावंडांसारखी. म्हटलं, बघ आत्या, भान नसतानाही माझ्या हाताला काय शिस्त आहे.

आत्या लाकडाकडे बघत म्हणाली, लहानपणी आमच्या घरी लाकडं मी फोडायचे आणि तुझा बाप रचायचा. माझे मोठे चुलतभाऊ पण फोडायचे. पण हा नुसता राशीकडे बघून सांगायचा, हे अक्काने फोडलंय, हे नाही. कधी चुकला नाही.

मी म्हटलं, बाबांना फक्त कपड्यांवरचे डाग दिसतात. आत्या हसली. तिचं ते हसणं हल्ली जास्त झालंय. इथल्या हवेने तब्येत सुधारते.

तेवढ्यात दिसलं की जुन्या कुऱ्हाडीचं पातं लख्ख झालंय. गंज गेलाय. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, हो का? मग म्हणाली, पाऊस थांबला वाटतं, जा बेकरीत.

तिला माझ्या ब्रेकची किती काळजी.

२८ नोव्हेंबर

रास खिडकीच्या कडेला लागली!! दोन उद्गारचिन्हं मुद्दाम.

आजचं काम: म्हाताऱ्यावर सकाळभर. त्याच्या पोटात आता एक बारीक चीर दिसते, नखाएवढी. मी तिच्यात नख घालून बघितलं. तो संपलाय, त्याला अजून कळलेलं नाही.

पण लाल कुऱ्हाड गेली. टेपच्या जागीच दांडा तुटला आणि पातं उडून ड्रायव्हरकाकांच्या खुर्चीपुढे पडलं. सुदैवाने काका चहा आणायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी पात्याकडे बघितलं, खुर्ची उचलली, आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली. तिथून काय दिसणार त्यांना?

कंपनीला कडक मेल लिहायचा ड्राफ्ट मनात तयार आहे.

१ डिसेंबर, रविवार, दुपार

दादा आला आणि गेला. सविस्तर लिहितो, कारण असे दिवस रोज येत नाहीत.

गाडीतून उतरला तोच थेट शेडमध्ये. राशीला हात लावला, एक लाकूड ओढून बघितलं, मागे पोकळ तर नाही ना म्हणून वाकून बघितलं. (इतका संशय बरा नाही.) मग माझ्याकडे वळला. म्हणाला, खरं सांगू, मी येताना आईसाठी कपाट रिकामं करून आलो होतो. तू हे करशील असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, त्यात काय.

आत्या चहा घेऊन आली. दादाने विचारलं, आई, ट्रे डाव्या हातात का? आत्या म्हणाली, डॉक्टरांनी उजवा जपायला सांगितलाय. दादा खूष झाला. म्हणाला, ऐकतेस हे बरं करतेस. मग म्हणाला, ठीक आहे, ही थंडी राहा इथे. पण एका अटीवर. हा इथे आहे तोवरच. लाकडं पुढेही लागतील, ती याने फोडायची, तू नाही.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, दादा, तो विषय माझ्यावर सोड.

निघताना त्याने माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, कमाल आहे, घट्टे कसे नाहीत? मी म्हटलं, टेक्निक. तो म्हणाला, मामांना सांगतो आज, खूष होतील. (मामा म्हणजे माझे बाबा.)

गाडी वळणापलीकडे गेली आणि आत्या पायरीवर बसली. म्हणाली, चला, सुटले. बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघत बसली होती. मी करून दाखवलं!

उद्या म्हाताऱ्याचा निकाल. आत्याची कुऱ्हाड घेऊन. लाल नाही तर ती, हातात जादू असली की काहीही चालतं.

२ डिसेंबर, सकाळ

फुटला. फुटला. फुटला.

जुनी कुऱ्हाड उचलली, चिरेवर नेम धरला, एक घाव. आतून असा आवाज आला जसं दार उघडतं. दुसरा घाव, आणि म्हाताऱ्याचे सरळ दोन तुकडे, एक इकडे, एक तिकडे. काकांना जे जमलं नाही ते मी केलं. मी ओरडलो. ड्रायव्हरकाका व्हरांड्यात उभे राहिले. आत्याला हाका मारल्या. ती येतेय. पुढचं नंतर लिहितो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पुढचं लिहायचं नव्हतं. पण वहीत अर्धवट ठेवलं तर बाबांचं म्हणणं खरं होईल.

आत्या आली. दोन तुकड्यांकडे बघितलं. खाली बसली आणि एका तुकड्यावर हात ठेवला, जुन्या घावांवर. मी म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं. मग म्हणाली, बाळा, बाकीची लाकडं कशावर ठेवून फोडायची?

मला समजलं नाही. मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे तो ठोकळा होता. फोडायचं लाकूड त्याच्यावर उभं करायचं, खालचं फुटू नये म्हणून काकांनी मुद्दाम गाठींचा निवडून आणलेला, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. वरचे ते घाव हार मानल्याचे नव्हते. तेवढी वर्षं त्याच्यावर लाकूड फुटत आलं होतं.

मी तोच ठोकळा फोडत बसलो महिनाभर, आणि ड्रायव्हरकाका खुर्ची टाकून बघत बसले.

मी म्हटलं, तू आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं की, पहिल्याच दिवशी. मग तू त्याच्या नादाला लागलास तेव्हा वाटलं, बरंय. तो फुटत नाही, उभा राहतो, हलत नाही. तुझा पाय शाबूत राहील. आणि तू बेकरीत गेलास की तो मला मोकळा.

तरीही मला एक क्षण वाटलं की ती राशीबद्दल बोलत नाहीये. मी विचारलं, म्हणजे यातली काही तू फोडलीस?

आत्याने शेगडीशेजारची टोपली आणली. कपचे, ढलप्या, कडेचे तुकडे. म्हणाली, ही तुझी. मी वेगळी ठेवली होती. पेटवायला फार उपयोगी पडतात रे, खरंच.

मी म्हटलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं ना. म्हणाली, उजव्याला म्हटलं होतं. डाव्याचा विषय निघाला नाही. सुरुवातीला डाव्याने नेम लागेना, मग लागला. मी म्हटलं, आणि दादाला काय सांगायचं? ती म्हणाली, दादाला काय सांगायचं ते तूच सांगून बसलास ना, टेक्निक म्हणून.

मी खोलीत गेलो आणि बॅग भरली. मित्राला विचारलं, बोटीवर जागा आहे का. तो म्हणाला, आहे, उद्याच ये. बॅग घेऊन बाहेर आलो तर आत्या अंगणात एक ओंडका ढकलत होती, डाव्या हाताने आणि गुडघ्याने. नवा ठोकळा. तो कलंडत होता. माझ्या बॅगेकडे तिने बघितलं. म्हणाली, जातोस तर जा, पण दादाची अट ऐकलीस ना? तू इथे आहेस तोवरच मी इथे. आणि जायच्या आधी हा तरी उभा करून दे, मला एकटीला होत नाही.

बॅग ठेवली. ओंडका उभा केला. खाली दगड लावले, हलेनासा केला. त्यात अंधार पडला.

मित्राला कळवलं की सध्या इथे माझी गरज आहे. हे वाक्य या वहीत आधीही लिहिलं असतं, पण आज पहिल्यांदा कुणी तसं खरंच म्हणालं.

३ डिसेंबर

सहाला उठलो. (आत्याने उठवलं. आधी हाक, मग पांघरूण ओढलं.)

आत्या शिकवते. जुनी कुऱ्हाड. मधोमध मारायचं नाही, कडेपासून आत यायचं. लाकडाकडे बघायचं, कुऱ्हाडीकडे नाही. ताकद लावायची नाही, ती वरून खाली येतेच. फुगलेले गाल कशाला असतात तेही कळलं. पातळ पातं आत घुसून बसतं, गाल लाकूड बाजूला सारतात. हार्डवेअरवाला हेच सांगत होता बहुतेक. तो माझ्या चपलांकडे का बघत होता तेही कळलं.

सकाळभरात एक फुटलं. एकच. वाकडं, एका बाजूला जाड, एका बाजूला सुरीसारखं. पण फुटलं ते मी बघितलं, शुद्धीत होतो, बेकरीत नव्हतो. आत्या म्हणाली, हे टोपलीत नाही जायचं. मी ते राशीच्या अगदी वर ठेवलं, पुढच्या बाजूला.

बाकी वेळ मी ओंडके उभे करून देतो, आत्या डाव्याने फोडते, मी रचतो. ड्रायव्हरकाकांनी खुर्ची परत कुंपणाशी आणली. म्हणाले, आता आवाज सकाळीच यायला लागला, माझी झोप कधी होणार?

दुपार. पायरीवर बसून लिहितोय. बेकरीत गेलो नाही. आत्या आत हात शेकते आहे. संध्याकाळी भांडी मी घासणार आहे. (बघू.) दादाला खरं सांगायचं का, आणि सांगायचं तर थंडी संपल्यावर सांगायचं का, याचा

फाटक वाजलं.

बाबा आलेत. लॉन्ड्री बंद करून. हातात बॅग आहे, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून कोट दुसऱ्या हातावर. मी दाराच्या आडोशाला सरकलोय, त्यांना अजून दिसलो नाही. ते शेडपाशी थांबलेत. बॅग खाली ठेवली. राशीतलं एक लाकूड काढलं, फिरवून बघितलं, परत जागच्या जागी ठेवलं. अजून एक काढलं. तेही ठेवलं. आता वरचं उचललंय, वाकडं, माझं. ते ठेवत नाहीयेत. काखेत धरलंय, कोटाखाली.

आणि आता घराकडे बघून हाक मारतायत, हळूच, शेजारी ऐकू जाणार नाही अशी: "अक्का, डावा खांदा कसा आहे गं?"